चोरखिसा

पिरंगुटच्या बाजारात नौशादमास्तरांपुढे माप द्यायला उभं राहिलं की भलाभला माणूस पोट आत ओढतो. मास्तर काही बोलत नाहीत. टेप गळ्यात टाकून नुसते उभे राहतात. दम किती वेळ धरणार? श्वास सुटला, पोट जागेवर आलं, की मास्तर टेप लावतात आणि म्हणतात, "मला फसवून तुला काय मिळनार बाबा? प्यांट तुलाच घालायची हाय."

चाळीस वर्षांत या वाक्याने किती जणांना लाजवलं त्याची गणती नाही. ते एक दिवस आपल्यावरच उलटेल, हे मात्र मास्तरांच्या ध्यानीमनी नव्हतं.

झालं असं, की मास्तरांच्या उजव्या टॉन्सिलमागे कॅन्सरची गाठ निघाली. महाळुंग्याच्या एका नव्या हॉस्पिटलात पस्तीस वेळा शेक घ्यायचा ठरला. शेक म्हणजे किरणांचा. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. गाठ जाईल अशी बरीच आशा आहे, पण घसा सोलवटेल, गिळायला जड जाईल, आणि तोंडातली लाळ आटण्याची भीती आहे. आरिफा, मास्तरांची बायको, पदराआड रडत होती. मास्तरांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"डाक्टर, दोरा ओला करन्यापुरती थुकी राहील का?"

डॉक्टर हसले. शेजारी बसलेली किमया हसली नाही. ही लातूरकडची पोरगी, तिशीतली. किरण कुठून, किती आणि कसे सोडायचे याचा हिशेब बसवणं हे तिचं काम. तिने विचारलं, "दोरा कसा ओला करता, काका?"

मास्तरांनी दोन बोटांत नसलेला दोरा धरला, ओठांतून ओढला, टोक पिळलं आणि नसलेल्या सुईत ओवला. पाण्याने दोरा फुगतो आणि टोक फाकतं, थुंकीने ते आवळून बसतं, हे त्यांचं शास्त्र. किमयाने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मास्तरांना भीती वाटायची, पण कुतूहल भीतीच्या वरचढ. चेहऱ्यावर घालायचा मास्क बनवला त्या दिवशी तर ते खूशच झाले. गरम पाण्यातून काढलेली जाळीची पांढरी शीट तोंडावर, मानेवर दाबून बसवली. पाच-दहा मिनिटांत ती कडक झाली. कुठे शिवण नाही, चुणी नाही, आणि फिटिंग असं की नाकाचा बाकसुद्धा हुबेहूब आला. "आयुष्यात असं फिटिंग जमलं न्हाई मला," ते आरिफाला म्हणाले. रोज तो मास्क टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही, आणि मशीन भोवती फिरून किरण सोडतं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. मग घास गिळेना. भाकरी गेली, भात गेला, पेज तेवढी उरली. दर सोमवारी वजन व्हायचं. सिस्टर म्हणाल्या, "काका, अडुसष्टचे साठीला आलात तर नाकातून नळी घालावी लागेल हं."

नळीचं नाव काढताच मास्तरांना आधी बाजार आठवला. नाकात नळी घेऊन बाजारातून जायचं? त्यांनी त्याच दिवशी दुकानात बसून आपल्या बंडीला आतून चोरखिसा शिवला. मास्तरांचा चोरखिसा म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेली चीज. बाहेरून बोट फिरवलं तरी कळायचा नाही. कापड कापताना हलू नये म्हणून ठेवतात ती चपटी लोखंडी वजनं, अर्ध्या-अर्ध्या किलोची, त्यात सारली. एका सोमवारी दोन, पुढच्या सोमवारी चार, मग सहा. काट्यावर चौसष्ट दिसे. खरे मास्तर एकसष्ट होते. सिस्टरना वाटे, काकांना एसीची थंडी बाधते, म्हणून बंडी काढत नाहीत. घरी आरिफाला कळू नये म्हणून सदरे बाजूने दाबून घेतले. अंग बारीक झालं, पण सदरा कुठे ढगळ दिसेना. बाई बिचारी म्हणायची, "तब्येत धरलीय तुमी." लबाडीतही कारागिरी असते, ती अशी.

पण मास्क काही दाबून घेता येत नव्हता. गालापाशी तो बोटभर सुटा झाला. ढगळ फिटिंग मास्तरांना सहन होणार थोडंच? त्यांनी अस्तराच्या कापडाची घडी केली आणि झोपता झोपता मानेखाली सरकवली. आता मास्क पुन्हा गच्च बसला. मास्तर मनातल्या मनात स्वतःवरच खूश.

तिसऱ्या दिवशी किमयाने त्यांना आत बोलावलं.

"काका, शेक देण्याआधी आम्ही रोज एक फोटो घेतो. तीन दिवस मान चार मिलिमीटर पुढे येतेय. हलता का तुम्ही?"

"मी? मुडद्यासारका पडतोय म्याडम!"

"मग जुळत का नाही?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि कॉम्प्युटरकडे वळली. मास्तर जायला उठले होते, पण पडद्यावर नजर पडली आणि तिथेच थबकले. मान आडवी कापल्यासारखं एक चित्र होतं आणि त्यावर लाल, पिवळ्या, निळ्या रेघा.

"ही माजी मान?"

"तुमचीच. ही लाल रेघ गाठीभोवती. तिला पस्तीस दिवसांत सत्तर द्यायचे, रोज दोन."

"सत्तर काय? इंच?"

"ग्रे. किरणांचं माप."

"आन लाल रेघ गाठीपेक्षा मोटी काडलीय ती?"

"थोडी जागा जास्तीची ठेवतो. माणूस श्वास घेतो, गिळतो."

"व्हय, शिवनीत कापड सोडतो तसं." मास्तर स्टूल ओढून बसलेच. "आन हे निळं?"

"ही डाव्या कानाखालची लाळेची ग्रंथी. उजवी गाठीला खेटून आहे, ती फारशी वाचणार नाही. पण ही वाचवायची. सरासरी सव्वीसच्या आत राहिली तर लाळ परत येते. तुमच्या दोऱ्यासाठी चार दिवस बसले होते मी या रेघेवर."

चार दिवस. मास्तरांना ऐकून बरं वाटलं आणि लगेच कसंसंच झालं. त्यांनी हळू विचारलं, "कसं कळतं पन, कितपत पोचतंय आत?"

"किरण कातडीतून शिरला की मांस त्याला थोडा थोडा अडवतं. म्हणून कॉम्प्युटरला आधी सांगावं लागतं, कुठे किती जाडी आहे. पहिल्या दिवशी स्कॅन केला ना, ते तुमचं माप. त्यावरून सगळा हिशेब."

"आन मानूस बारीक झाला तर?"

"तर वाटेत अडवायला मांस कमी, किरण जास्त पोचतो. शिवाय गाल वाळला की ही ग्रंथी आत सरकते, लाल रेघेकडे. मग जुना हिशेब चुकीचा. पण तुमचं वजन चारच किलो उतरलंय, म्हणून..."

खाई त्याला खवखवे. मास्तरांचा हात बंडीवर गेला. पोट आत ओढणारी सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि त्या रांगेत शेवटी ते स्वतः. या पोरीने चार दिवस खपून कापड बेतलं होतं, आणि आपण तिला माप खोटं दिलं. मास्तरांना आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती.

त्यांनी चोरखिसा उसवला. एकेक करत सहा वजनं तिच्या टेबलावर मांडली, वर अस्तराची घडी ठेवली.

"तीन किलो कमी धरा म्याडम. मी एकसष्ट हाय."

किमयाने घडी उलगडून पाहिली. मग तिने एक वजन उचलून तळहातावर तोललं आणि म्हणाली, "काका, मला फसवून तुम्हाला काय मिळणार होतं?"

मास्तरांना उत्तर पाठ होतं.

बाहेरच्या बाकावर आरिफाला कळलं तेव्हा ती चिडलीच. "मला बी फशिवलंत? रोज धुते मी ते सदरे!" मग त्यांच्या मनगटाभोवती बोटं आवळून पाहिली. बोटं एकमेकांवर चढत होती.

त्याच दिवशी नवा स्कॅन झाला, नवा मास्क झाला. किमयाने आधी जुना हिशेब नव्या मानेवर घालून पाहिला. डावी ग्रंथी पस्तिसाव्या दिवशी बत्तीसवर जात होती. मग दोन दिवस ती त्या निळ्या रेघेशी झटली. तिसऱ्या दिवशी मास्तरांना पडदा दाखवला: आधी मिळालेलं धरून पंचवीस पूर्णांक आठ.

"जेमतेम आत आहे. खात्री मी देणार नाही. सहा-आठ महिन्यांनी कळेल."

नळी मात्र टळली नाही. नाकात नळी घेऊन मास्तर पाच आठवडे बाजारातून गेले. पहिल्या दिवशी लोकांनी पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी जो तो आपल्या कामाला लागला.

शेक संपला. गाठ गेली. तोंड मात्र वाळूसारखं कोरडं. मास्तर पुन्हा शिलाई मशीनवर बसू लागले तेव्हा आरिफाने शेजारी पाण्याची वाटी ठेवली. दोरा त्यात बुडवायचा, फुगलेलं टोक चार-चारदा पिळायचं, नाहीतर ओवायला आरिफाला हाक मारायची. मास्तर रोज सकाळी आधी एकदा ओठांतून दोरा ओढून बघत. कोरडा यायचा. मग ते वाटीकडे वळत.

आठव्या महिन्यात तपासणी झाली आणि त्याच रविवारी किमया पांढऱ्या कोटाचं कापड घेऊन दुकानात आली. मास्तरांनी माप घेतलं. खिसे किती, बाही केवढी, कॉलर कसली, त्यांचे प्रश्न संपेनात.

"चोरखिसा ठेवू का?"

"नको," ती म्हणाली. "मला तुमच्यासारखं काही लपवायचं नाही."

आरिफा खळखळून हसली. मास्तरही हसले आणि हसता हसता, बोलण्याच्या नादात, कापडाला कच्चा टाका घालायला त्यांनी दोरा तोडला, ओठांतून ओढला, टोक पिळलं आणि सुईत घातला. पहिल्या झटक्यात गेला.

हात तिथेच थांबला. त्यांनी दोरा परत सुईतून काढला, उजेडात धरून पाहिला, टोक बोटाला लावून पाहिलं. किमया स्टुलावरून पुढे वाकली होती.

मास्तरांनी दोरा पुन्हा ओवला आणि म्हणाले, "आरिफा, ही वाटी उचल गं हितनं."