करिष्माची पकड

काल्हेरच्या भावेशचे तीन टेम्पो गोडाऊनचा माल वाहायचे. पोलीस, ट्रॅफिक, भांडखोर ड्रायव्हर, कुणाचीच त्याला भीती नव्हती. तो घाबरायचा फक्त आपल्या दहा वर्षांच्या लेकीच्या, करिष्माच्या खोकल्याला. दोन वर्षांपूर्वी पोरीचा दमा असा उसळला की तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. तेव्हापासून त्याने तिचं धावणं, सायकल, मैदान सगळं बंद करून टाकलं होतं.

एका संध्याकाळी तो घरी आला आणि दारातच थबकला. त्याची आई धोंडूबाई पलंगाला धरून "कबड्डी, कबड्डी" करत होती आणि करिष्मा जमिनीवर पालथी पडून आजीचा घोटा घट्ट धरून होती.

"आये, काय चाललंय हे? तिला दमा आहे ना!"

"ठाऊक हाय मला," धोंडूबाई म्हणाली. "टीव्हीवर मॅच लागली का पोर गप होऊन बसते, ते तुला दिसत न्हाय. तिला खेळायचं हाय."

भावेश ओरडणार तोच त्याची बायको विनिता मधे पडली. "आपण भांडून काय होणार? उद्या डॉक्टर मॅडमनाच विचारू."

दुसऱ्या दिवशी भिवंडीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रोजचा पंप रोज देता ना?"

भावेश चाचरला. "त्रास झाला की देतो. सवय लागेल म्हणून..."

"त्याची सवय लागत नाही. आतली सूज कमी राहावी म्हणून तो रोज घ्यायचा. तुम्ही चुकवता म्हणून ती खोकते. दमा ताब्यात आला की हिला खुशाल खेळू द्या, उलट खेळायलाच हवं."

रोज काय घ्यायचं, खेळाआधी काय आणि धाप लागली तर काय, हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. करिष्माने तो पाठच केला.

मग घर कामाला लागलं. विनिताने रोजचा पंप दात घासण्याच्या वेळेशी बांधून टाकला. महिन्याभराने मॅडमनी तपासून होकार दिला आणि करिष्मा शाळेच्या कबड्डी संघात जाऊ लागली, तशी धोंडूबाई रोज पाच वाजता पाण्याचा पाइप घेऊन शाळेच्या मैदानावर हजर होऊ लागली. धूळ बसेपर्यंत कुणाला पाऊल टाकू द्यायची नाही. खेळाआधी अंग हळूहळू गरम करायचं होतं, म्हणून भावेश लेकीबरोबर दोन फेऱ्या मारायला निघाला. दुसऱ्या फेरीत धाप लागली ती त्यालाच. करिष्मा पोट धरून हसली.

डिसेंबरात शाळाशाळांच्या मॅचेस झाल्या. पहिल्याच मॅचमध्ये करिष्माने दोन पकडी केल्या आणि मग तिला खोकला आला. भावेश दोरी ओलांडून धावला, पण त्याच्या आधीच ती हात वर करून बाहेर आली होती.

"चल, गाडीत बस. दवाखान्यात जाऊ."

"पप्पा, उचलू नका मला. आधी पंप." पंपाला नळकांडं लावून तिने कागदावर होते तेवढे फवारे सावकाश घेतले. "आता पंधरा मिनिटं बसायचं. बरं नाही वाटलं तर जाऊ दवाखान्यात. तुम्हीपण बसा."

भावेश बसला. त्याची नजर घड्याळावर कमी आणि तिच्या छातीवर जास्त होती. हळूहळू खोकला थांबला, श्वास सरळ झाला. तोवर मॅच संपली होती, तिचा संघ दोन गुणांनी हरला होता.

"दुपारच्या मॅचला जाऊ?" तिने विचारलं.

त्याच्या तोंडाशी 'नको' आलं होतं. त्याने विनिताकडे पाहिलं. तिने मॅडमना फोन लावला. तीन तास काहीच त्रास नसेल तर खेळू दे, असं त्या म्हणाल्या.

दुपारी करिष्माने समोरच्या संघातली सगळ्यात उंच पोरगी घोट्याला धरून अशी लोळवली, की धोंडूबाई खुर्चीवर उभी राहिली. मॅच जिंकली.

नंतर कमळा नावाची एक बाई संकोचत विनिताजवळ आली. तिच्या लेकालाही दमा होता. घरात बसून चिडचिडा झाला होता. विनिता बोलायच्या आत भावेशच सांगायला लागला. डॉक्टर कुठे बसतात, फेऱ्या किती मारायच्या, धूळ कशी बसवायची. तो थांबेचना.

"चल आता," धोंडूबाईने त्याची बाही ओढली. "पोर भुकेली हाय."