एक्केचाळिसावं तिवर

नाहूरमागच्या खाडीतला तिवरांचा एक पट्टा आमच्या कोळीवाड्याने सांभाळायला घेतलाय. झाडं हवेतला कार्बन खोडात आणि चिखलात साठवतात. आपण फक्त त्यांना जगू द्यायचं. दर महिन्याला ओहोटीला जाऊन छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, वहीत लिहायचा. मोजणीच्या चौकोनात चाळीस झाडं. हे काम तुळशीदासकाकांचं. मार्चमध्ये ते टेप घेऊन तिवरात गेले. भरतीबरोबर नुसती टेप परत आली.

एप्रिलमध्ये मी मोजली, तर एक्केचाळीस.

रोप नव्हे, चांगलं पुरुषभर झाड. मथुराकाकीने घरून काकांचा शर्ट आणून खोडाला घातला. सगळी बटणं लागली. पोटावरचं जरा ताणून, नेहमीसारखं. चिखलातून वर आलेली श्वासमुळं एका लयीत फुसफुसत होती.

"काका?" मी विचारलं.

उत्तर नाही. पण चहाआधी काका कोणालाच उत्तर देत नसत, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही.

मेमध्ये कार्बन-प्रकल्पाचे विद्याधरसाहेब पडताळणीला आले. इस्त्रीची पँट, बांधावर उभे. "नकाशात चाळीस आहेत. एवढं झाड महिन्यात उगवत नाही. मोजणी खोटी ठरली तर पट्टा तुमच्याकडून जाईल. जास्तीचं कापा."

"उगाच जिवंत झाड आम्ही कापत नाय," काकी म्हणाली. "आणि ह्यांना तर बिलकूल नाय."

"ह्यांना म्हणजे?"

"आमचे मिस्टर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "दिपेश, तू तरी शिकलेला आहेस ना रे? काप."

"नात्यातले आहेत, साहेब."

मग त्यांनीच माझ्या हातातला कोयता घेतला आणि एकटे तिवरात शिरले. एक घाव ऐकू आला. मग सगळ्या चिखलाने एकदम श्वास आत घेतला. बाहेर सोडला नाही.

आम्ही तासभर थांबलो. हाका मारल्या. शेवटी आत जाऊन मोजलं. बेचाळीस. नवं झाड सडपातळ होतं, काकांना अगदी खेटून.

काकीने काकांच्या खोडावरची खोक पदराने पुसली आणि वर पानांकडे पाहिलं.

"हा ह्यांचं ऊन अडवतोय. फार दाटी झाली तर एक झाड काढायचं, असं नियमात हाय ना रे?"

"आहे. विरळणी."

"मग कर."

"काकी, कोयता साहेबांकडे आहे."

"मग माग की त्यांच्याकडून."