इटलीच्या गाडीचं नाक

"गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू नगं, पोरी. हात कुटं ठिवतंय ते बग."

लंकाबाईचे वडील काष्टीच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. त्यांना जाऊन बराच काळ लोटला होता, पण शेडमध्ये तीन अनोळखी माणसं शिरली आणि त्यांचा आवाज तिच्या कानाशी आला. पदर खोचून ती दारात उभी राहिली आणि तिघांचे हात बघू लागली.

पुण्याहून आलेल्या आदिनाथ साहेबांनी हात पाठीमागे बांधले होते. सृष्टी नावाची सावेडीतली कॉलेजची मुलगी, तिचा हात मोबाईलवर. तिसरे होते दानीएल सर. पांढरा शर्ट, पायात साध्या चपला, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी आल्याआल्या तळवा थेट गाडीच्या नाकावर ठेवला होता. वासराच्या कपाळावर ठेवतात तसा.

'ह्यो घ्यायला आलाय,' लंकाबाई मनाशी म्हणाली.

तिचा नवरा सहादेव डेंटर. मनमाड रोडच्या कडेच्या या शेडमध्ये त्यानं उभा जन्म ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात घालवला. एकदा कुणाच्या तरी गाडीत सीटखाली जुनं परदेशी कॅलेंडर सापडलं. त्यात इटलीतल्या एका गाडीचं चित्र होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी, प्रदर्शनात मांडण्यापुरती एकच बनवलेली. रस्त्यावर ती कधी आलीच नाही. दिसायला लाकडात ठोकायच्या पाचरीसारखी, पुढं धार आणि मागं जाड. सहादेवनं ते चित्र भिंतीला चिकटवलं, भंगारातल्या फियाटचा सांगाडा आणला आणि सवड मिळेल तसा त्यावर पत्रा चढवू लागला. लोक हसायचे. "सहादेव, हिच्यात ऊस किती बसंल रं?" म्हणायचे. तोही हसायचा आणि ठोकत राहायचा.

गेल्या पोळ्याच्या सुमारास त्याचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तेव्हापासून त्याची लोखंडी खाट शेडच्या दाराशी होती, गाडी दिसेल अशी. आणि तेव्हापासून लंकाबाईचा नेम होता, की त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय आपण तोंडात काही घालायचं नाही.

मध्यंतरी सृष्टी स्कूटीचं मडगार्ड ठोकून घ्यायला शेजारच्या शेडवर आली होती. तिला पत्र्याच्या फटीतून ही गाडी दिसली, तिनं व्हिडिओ काढला आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकला. त्यातून ही वरात आली होती.

"काय रेषा आहे!" आदिनाथ साहेब गाडीभोवती फिरत म्हणाले. "काच आणि बॉनेट एकाच उतारावर. दिवे कुठे लपलेत ते कळतसुद्धा नाही. त्या काळच्या इटलीवाल्यांना वाटत होतं, पुढं सगळ्याच गाड्या अशा होणार."

"म्हणजे पुढं माणसं बुटकी होणार होती का?" सृष्टी म्हणाली. "बसायचं कसं हिच्यात? झोपूनच चालवावी लागेल. खरं सांगू सर, मला ती मूळ गाडी कधी आवडलीच नाही. चिडकी दिसते. कुणाला तरी टोचायला निघालीय असं वाटतं. ही बरीय. ही हसतीय."

"हसतीय?"

"उजवीकडं बघा ना. नाक जरा वर आलंय. ओठ मुडपून हसल्यासारखं."

आदिनाथ साहेब वाकले, एक डोळा मिटून बघितलं, आणि खूश झाले. "अगदी! हीच तर गंमत. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर ही नुसती नक्कल झाली असती. हे मुद्दाम केलंय त्यांनी. यालाच म्हणतात कलाकाराची सही!"

लंकाबाईला सगळं कळलं नाही, पण कौतुक चाललंय हे कळलं. कौतुकाची तिला भीती नव्हती. बैलाच्या शिंगांची तारीफ करणारा बैल कधी नेत नाही. नेणारा दात मोजतो, खूर उचलतो, खोड काढतो. म्हणून तिची नजर अजून त्या सरांच्या तळव्यावरच होती.

दानीएल सरांनी मान हलवली. "मुद्दाम नाही हो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "त्या गाडीत नाकापासून टपापर्यंत एकच रेघ आहे. पेन्सिल न उचलता ओढलेली. तेवढंच तिचं सौंदर्य, बाकी काही नाही. यांनी डावीकडं ती बरोब्बर धरलीय. उजवीकडं इथं, दिव्याच्या वर, ती तुटलीय. इथं हात थकलाय."

थाड!

सहादेवचा डावा हात खाटेच्या लोखंडावर आपटला होता. पुन्हा थाड. चेहरा लाल झाला, डोळ्यांना धार लागली.

"बास झालं!" लंकाबाई पुढं झाली. "आमच्या मान्साच्या हाताला नावं ठिवायला आलाव व्हय? त्यो बगा कसा तळमळतोय. आदी खोड काडायची, मंग किंमत पाडायची, आन् शेवटी फुकटात न्यायची. आसले लई बगितलेत मी बाजारात."

"बाई, मला गाडी नको," सर गोंधळले. "न्यायला मला जागा तरी कुठंय? श्रीगोंद्याला चित्रकला शिकवायचो मी. मी फक्त..."

"निघा म्हन्ते ना!"

सरांनी पत्र्यावरचा हात काढून घेतला. खाटेसमोर थांबून सहादेवला नमस्कार केला आणि ते निघाले. ते रस्त्याला लागेपर्यंत खाट वाजत होती.

"काकू, बरं केलंत," आदिनाथ साहेब चहाचा कप हातात घेत म्हणाले. "ही अशी माणसं प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. मी स्पष्ट बोलतो. इथं पावसाळ्यात हिला गंज चढणार. पुण्यात माझा हॉल आहे, जुन्या गाड्यांचा. मधोमध हीच ठेवीन. खाली पाटीवर काकांचं नाव. काय द्यायचं ते तुमच्या मनासारखं. रविवारी ट्रेलर पाठवतो. फक्त एक करा, तोवर हिला एक ठोकाही कुणाला मारू देऊ नका. आहे तशीच पाहिजे मला."

"आहे तशी?"

"त्या नाकातच सगळं आहे, काकू."

पाटीवर नाव. लंकाबाईनं ती पाटी डोळ्यांपुढं आणली आणि मान डोलावली. साहेब गेल्यावर मात्र कप विसळताना तिला काहीतरी टोचत राहिलं. या माणसानं एवढी तारीफ केली, पण गाडीला एकदाही हात लावला नव्हता.

दुपारी सहादेवनं तोंड फिरवलं. भाकरी दुधात कुस्करून दिली, तरी ओठ उघडेना.

"अवो, गेला ना त्यो मास्तर. मीच घालवला की. आता कसला राग?"

तो गाडीकडे बघत राहिला. संध्याकाळीही तेच. तिनं मीठमिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली, मग जरा विचार करून गाडीच्या नाकावरूनही उतरवल्या. मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका लागला नाही. सहादेव तिच्याकडं असा बघत होता, की आजारी तीच असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यानं घास नाकारला. नेमामुळं तिच्याही पोटात काही नव्हतं, आणि आता तिला चक्कर येऊ लागली होती. भूक नको तिथं डोकं चालवते. तिला वाटलं, साहेबानं चहात काही घातलं का? त्या पोरीनं मोबाईलातून काही केलं का? शेवटी तिनं प्लास्टिकची खुर्ची ओढली, सहादेवला तिच्यात बसवलं आणि फरफटत गाडीपाशी नेलं.

"हं, दावा मला. काय पायजे?"

त्यानं डावा तळवा गाडीच्या डाव्या अंगावर ठेवला. डोळे मिटले. तळवा नाकापासून निघाला आणि काचेच्या जागेवरून वर, हात पुरेल तिथवर न अडखळता गेला. मग त्यानं मानेनं पलीकडं नेण्याची खूण केली. तिनं खुर्ची वळवली. उजव्या अंगावर तळवा निघाला आणि दिव्याच्या वर थांबला. पुढं गेला, मागं आला, पुन्हा तिथंच थांबला. त्यानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं.

त्या नजरेत राग नव्हता.

लंकाबाईला आठवलं. दुखणं यायच्या आधीचे दिवस. रोज हीच जागा ठोकत बसायचा. हातोडी हातातून निसटायची, उचलायचा, पुन्हा ठोकायचा. "किती वेळा त्येच त्येच!" म्हणून ती ओरडलीही होती. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "हात ऐकना झालाय गं." तिला ती थट्टा वाटली होती. हात तेव्हाच जायला लागला होता. आणि काल साहेबांनी त्याच जागेला सही म्हटलं, पोरीनं हसू म्हटलं.

"म्हंजे..." तिनं पदर तोंडाला लावला. "मास्तर बरुबर बोलत हुता?"

सहादेवचा तळवा पत्र्यावर आपटला. थाड. तसाच, कालच्या खाटेवरच्यासारखा. डोळ्यांना तशीच धार.

मग तिनं सृष्टीला फोन लावला.

"दानीएल सर? चिडले नाहीत हो ते, काकू. उलट म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, घरातल्या माणसाला नमस्कार करायच्या आधी मी पत्र्याला हात लावला. नंबर देऊ त्यांचा?"

"फोनवर नगं. दारातनं घालवलंय, तर दारात जाऊन बोलवाया पायजे. पत्ता सांग."

"श्रीगोंद्याला, चर्चच्या मागच्या गल्लीत. कुणीही सांगेल. पण काकू, रविवारी ट्रेलर येणार आहे ना?"

"साह्यबास्नी सांग, गाडी आत्ता हलायची न्हाई. आमी नाक नीट करनार हाय."

"अहो, पण त्यांना तर ते नाकच आवडलंय! ते घेणारच नाहीत मग."

"न घेऊ देत. आवडलं आसंल तर आरशात सोताचं बगा म्हनावं."

सृष्टी हसली. लंकाबाईला हसू आलं नाही. ती सहादेवसमोर उकिडवी बसली.

"ऐका. मास्तराला घिऊन येते. डोळा त्यांचा, ठोका शेजारच्या शेडातल्या हनुमंताचा. तुमच्या हाताखालीच शिकलाय की त्यो. तुमी फकस्त खूण करायची. चुकलं तर थाड करायचं. कबूल?"

सहादेवनं उत्तरादाखल भिंतीवर अडकवलेल्या तारेच्या भेंडोळ्याकडं बोट केलं. तिनं त्यातली लांबशी तार तोडून दिली. त्यानं तारेचं टोक तिच्या हातात दिलं, नाकाच्या अगदी अणीला धरून ठेवायला लावलं, आणि स्वतः डाव्या हाताच्या अंगठ्यानं तार दाबत दाबत पत्र्याला चिकटवत वर नेली. मध्येच दातांनी वाकवली. दमला, थांबला, पुन्हा लागला. मग तीच तार उलटी करून उजव्या अंगावर लावायला लावली. दिव्याच्या वर पत्रा तारेच्या बाहेर आला. बाकी सगळीकडं तार पत्र्याला मिठी मारून बसली.

त्यानंतर त्यानं तोंड उघडलं. थंड झालेल्या दूधभाकरीचा घास त्यानं चावला, आणि मग तिनं आपला घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं देवापुढं दिवा लावला, सहादेवला भरवलं, हनुमंताच्या आईला, छबूबाईला, त्याच्यापाशी बसवलं. "कुटं निगालीस गं एवढ्या सकाळी?" छबूबाईनं विचारलं. "आले जाऊन," एवढंच म्हणून ती रस्त्याला लागली. रिक्षानं माळीवाड्याच्या स्टँडवर गेली. मास्तरांना दाखवायला घेतलेली ती तार तिच्या हातापेक्षा लांब होती. पिशवीत घातली असती तर तिचा बाक मोडला असता, म्हणून ती उघडीच हातात होती. येणारेजाणारे बाजूला सरत, वळून बघत.

श्रीगोंद्याच्या एस.टी.त तिला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर जवळ आला.

"आजी, कुठं?"

"अर्दं द्या. श्रीगोंदा."

"आणि हे काय घेतलंय? कुणाच्या डोळ्यात जाईल. खाली टाका की सीटच्या."

"वाकंल," लंकाबाई म्हणाली.

त्यानं तारेकडं पाहिलं. ती सरळ नव्हतीच. पण त्यानं तिकीट फाडलं आणि पुढं गेला.

गाडी स्टँडबाहेर पडली. खड्डा आला की लंकाबाई तार मांडीवरून दोन्ही हातांनी अलगद उचलून धरी, आणि खड्डा गेला की पुन्हा मांडीवर ठेवी.