वासरूबाबाचा तांब्या

चांदवडजवळच्या एका वाडीत वासरूबाबाच्या पत्र्याच्या शेडपुढे रोज सकाळी झुंबड उडायची. कडेवर हगवण लागलेलं लेकरू, हातात वासराचं दावं. बाबा लेकराला परातीत आंघोळ घालायचा, ते पाणी तांब्यात भरून वासराला पाजायचा आणि गरजायचा, "उतरली! लेकराची पीडा वासराला गेली!" दोन दिवसांत लेकरू हसायचं, वासरू हगायचं. डोळ्यांदेखत चमत्कार, नाही म्हणायची सोय नाही.

नियम दोनच. लेकरू चौथ्या दिवशीच आणायचं आणि तोवर पाण्याचा थेंब द्यायचा नाही. "पाण्यानं पीडा पोसती," बाबा सांगायचा. जणू पीडा त्याच्याच घरी जेवायला होती.

शेजाऱ्यांनी आपल्या लेकरांसाठी मागून नेलेली रंगूबाईची दोन वासरं आजारी पडून गेली होती. पुण्य शेजाऱ्यांना, खड्डा तिला. आता तिच्याच नऊ महिन्यांच्या नातीला, पायलला, हगवण लागली. दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना. मुलगा सुनील मात्र बोटांवर दिवस मोजत बसला.

गुरांच्या डॉक्टर योगिनीताई तिसऱ्या वासराला लस टोचायला आल्या आणि पायलला बघून थांबल्या.

"सुनील, वासराला हगवण लागली तरी मी त्याचं पाणी तोडत नाही. ही तर तुझी लेक आहे. आत्ता दवाखान्यात ने!"

दवाखान्यात सलाइन लागलं, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या मिळाल्या. चौथ्या दिवशी पोरगी टुकुटुकु बघू लागली. तरी सुनीलचं पालुपद चालूच, "देवाचं राहायला नको, आई."

"चल की," रंगूबाई म्हणाली. ती एवढ्या पटकन कबूल झाली, याचाच खरं तर संशय यायला हवा होता.

बाबा डोळे मिटून मंत्र पुटपुटत होता. "माझं वासरू लय बुजरं हाय, मीच पाजते," म्हणून तिनं तांब्या घेतला आणि पाठमोरी झाली. पदराखाली दुसरा तांब्या होता, उकळून गार केलेल्या पाण्याचा. वासरू तेच पाणी प्यायलं. बाबाचा तांब्या तिनं घरी नेऊन संडासात ओतला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी चमत्कार बघायला बाबासकट अख्खी वाडी रंगूबाईच्या गोठ्यात लोटली. वासरू उड्या मारत होतं. पायल वाटी आपटत होती.

बाबा गडबडला. "वासरू ठणठणीत? मग लेकरू बरं नाय!"

"बरं नाय? तिला इचारा की!" रंगूबाईनं तांब्याची गोष्ट सांगून टाकली. "आता बोला, पीडा गेली कुठं?"

रंगूबाईनं बोलावून घेतलेल्या योगिनीताईंनी उलगडून सांगितलं. "ही हगवण विषाणूची. अंगातलं पाणी टिकलं तर पाच-सात दिवसांत बहुतेक लेकरं आपोआप बरी होतात. म्हणून बाबांना चौथा दिवस लागतो. आणि घाण पाण्यातून तो विषाणू वासरात जाऊ शकतो, म्हणून वासरू हगतं. हा विषाणू म्हणजे अकरा तुकड्यांची गोधडी. वासरातली आणि लेकरातली एकाच आतड्यात भेटली, की तुकडे अदलाबदल होऊन तिसरीच गोधडी शिवली जाते. ती परत माणसात आली, तर आपल्या अंगाला तिची ओळख पटेलच असं नाही."

"म्हंजे बाबा इषाणूंच्या सोयरिकी जुळवतोय व्हय!" रंगूबाई म्हणाली. लोक हसले.

बाबा ओरडला, "चौथ्या दिवशी आणलेलं एक तरी लेकरू माझ्या हातून गेलंय का?"

"नाय गेलं," मागून वाडीतला भिकन म्हणाला. "माझा बारक्या तिसऱ्या दिवशीच गेला. आम्ही दुसऱ्या दिवशी आणला होता. तुम्ही परत धाडला, पाणी देऊ नका म्हणून."

सुनीलनं पायलला उराशी धरलं.

दाराशी एक परकी बाई लेकरू घेऊन उभी होती, बाबाला शोधत आलेली. "आज कितवा दिवस?" रंगूबाईनं विचारलं.

"दुसरा."

रंगूबाईनं उकळलेल्या पाण्यात मीठ-साखरेचं पाकीट कालवलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. "चमच्या चमच्यानं पाजत ऱ्हा. सुनील, गाडी काढ. हिला दवाखान्यात सोड."

सुनीलनं या वेळी दिवस मोजले नाहीत.

देव रागावला तर त्याची समजूत उद्याही काढता येते. सुकत चाललेल्या लेकराला पाणी आजच लागतं.