नळी नसलेली ग्रंथी

बाबांनी माऊच्या हातातून मिठाची बरणी काढून घेतली. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तळहातावरचं मीठ चाटत होती.

"अगं, बकरी आहेस का तू?" आत्या म्हणाली. मग आवाज खाली आणून भावाला म्हणाली, "दादा, तिला काही बोलू नकोस. आई गेली की पोरी अशाच होतात. दुःख ओसरलं की उठेल आपोआप."

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. दुःख ओसरत नव्हतं, माऊच ओसरत चालली होती. कपडे अंगावर लोंबत होते. तळहाताच्या रेषा आणि बोटांचे सांधे काळे पडले होते. नोकरीवर जाणं तर कधीच थांबलं होतं. बाबा प्लंबर होते. गळती शोधण्यात उभा जन्म गेला होता, पण इथे काय गळतंय ते त्यांना कळत नव्हतं. कामावर निघताना ते तिच्या दारात थांबत आणि पांघरूण हलतंय ना, ते बघत.

त्याच दुपारी माऊ न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. आत्या "जरा पडू दे तिला" म्हणत राहिली. बाबांनी तिला उचललं आणि सरळ दवाखान्यात नेलं.

रक्त तपासून झाल्यावर त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. दारावर पाटी होती : अंतःस्रावी ग्रंथी विभाग. बाबांनी ती दोनदा वाचली.

"अंतःस्रावी म्हणजे काय हो?" आत बसता बसता त्यांनी विचारलं.

"काही ग्रंथींना नळी असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लाळेच्या, घामाच्या. या ग्रंथींना नळी नसते. त्यांचा रस सरळ रक्तात मिसळतो. त्यालाच हार्मोन म्हणतात."

"नळीच नाही?" बाबांना ते पटेना. "मग लांबवर पोचतो कसा?"

"रक्त जाईल तिथे जातो. म्हणून बिघाड एकीकडे आणि त्रास भलतीकडेच. हिच्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी आहे. त्यांचा रस आटत आलाय. चक्कर, काळवंडणं, मीठ खावंसं वाटणं, सगळं त्यातूनच."

"वाचेल ना?"

"तो रस गोळ्यांनी द्यायचा. जन्मभर, आणि एकही चुकवायची नाही. मग चांगली म्हातारी होईल, आणि तुमच्यासारखे प्रश्न विचारेल."

बाबा हसले. हसताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

खाली बाकावर माऊ गोळ्यांचं पाकीट मांडीवर घेऊन बसली. ती ते उघडेना.

"म्हणजे हे आईमुळे नव्हतं."

"नव्हतं. सुटलो बघ."

"मला वाटत होतं, मी तिच्यासाठी झुरतेय." ती पाकिटाकडे बघत राहिली. "गोळ्या घेतल्या आणि काहीच उरलं नाही, तर?"

बाबांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि बाटली तिच्यापुढे धरली.

"नाही उरलं तर नाही उरलं," ते म्हणाले. "मला तू उरायला हवीस."

तिने गोळी घेतली.

हळूहळू माऊ भिंत न धरता चालायला लागली. एक अंडं संपवून दुसरं मागायला लागली. आत्याशी तिचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा आत्याच खुशीत म्हणाली, "आली बाई ताळ्यावर."

मग एका सकाळी बाबा दाढी करत असताना त्यांना रडणं ऐकू आलं. मोठ्याने, हुंदके देत. ते तोंडाला फेस तसाच ठेवून धावले. माऊ त्यांच्या आणि आईच्या खोलीत उभी होती.

"गोळी चुकली का? माऊ, सकाळची गोळी?"

तिने मान हलवली. "घेतलीय, बाबा. ऑफिसमधून फोन होता. सोमवारी ये म्हणाले." तिने रिकाम्या पलंगाकडे बोट दाखवलं. "मी आईला सांगायला आत आले."

बाबा पलंगावर टेकले. त्यांनी तिला शेजारी बसवलं. फेस तिच्या केसांना लागला.

स्वयंपाकघरातून आत्याने हाक मारली, "काय झालं रे? पोरगी का रडतेय?"

"काही नाही गं," बाबांनी ओरडून सांगितलं. "माऊ बरी झालीय."