खिळ्यावरची रोटी

"छावणी तर कालव्यापलीकडेच आहे, तुर्दालीअका. माझ्या अंगणातून त्यांचे वाळत घातलेले सदरे दिसतात. तिथंच राहू दे ना माझा सोबिर."

ओयदिनने टेबलावर सुक्या जर्दाळूंचं गाठोडं ठेवलं. तिचा एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर, आणि लेक एकुलता एक. तुर्दालीने गाठोडं हळूच मागे सरकवलं. फौजेच्या भरती-कचेरीत तो वीस वर्षं कारकून होता. फरगान्याची किती पोरं त्याच्या टाकातून गेली. कुणी बर्फात, कुणी समुद्रकाठी. घराजवळ एकही नाही.

"हुकूम वरून येतो, ओयदिन. मी नुसता लिहितो."

"आणि छावणीत बाल्टिककडची पोरं. एवढंसं कलिंगड मागायचं तर हातवारे करतात बिचारी. त्यांच्या आया तिकडं रडतात, मी इकडं. ज्याची पोरं त्याच्या दारात ठेवली तर सरकारचं काय जातं? गाडीभाडं तरी वाचेल."

तुर्दालीने चष्मा काढला. "उद्या बाजारात लोक खवळले, तर छावणीतली पोरं बाहेर काढतील. सोबिर बंदूक घेऊन उभा, आणि समोर तू. झाडेल तो?"

"कान पिळीन मी त्याचा."

"म्हणूनच."

ओयदिनने गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "तुम्हाला कुठं धाडलं होतं?"

"उत्तरेला, एका गिरणीच्या गावी. पाव महागला म्हणून माणसं चौकात आली होती. एक म्हातारी माझ्यापुढं येऊन काहीतरी सांगत होती. विनवत होती की शिव्या देत होती, देव जाणे. तिची बोली मला येत नव्हती."

"मग?"

"मग हुकूम आला."

तुर्दाली फौजेत निघाला त्या पहाटे आईने रीतीप्रमाणे त्याच्याकडून रोटीचा एक घास तोडून घेतला होता आणि उरलेली भिंतीवर टांगली होती. शिपाई परतला की ती त्यानेच संपवायची. तो परतला, तेव्हा आईने रोटी उतरवली, पदराने पुसली, चहात भिजवायला तुकडा मोडू लागली. तुर्दालीने तिचा हात धरला. 'राहू दे, आई.' तिने रोटी पुन्हा खिळ्याला लावली. तो ती कधी खाईल याची वाट बघत बघत एक दिवस आईही गेली. रोटी तिथंच आहे. बायको आजूबाजूची भिंत तेवढी सारवते.

त्याने टाक बुडवला, सोबिरच्या नावापुढं गाव लिहिलं.

"किती लांब?"

"गाडीनं सहा दिवस."

ओयदिन रडली नाही. गाठोडं सोडून मूठभर जर्दाळू तिने टेबलावर ठेवले. या खेपेला त्याने ते परत केले नाहीत.

"परवा पहाटे घास तोडून घेईन त्याच्याकडून," ती म्हणाली. "पण आमच्याकडं मुंग्या फार. दोन वर्षं टिकेल ना हो रोटी?"

तुर्दाली शाई टिपत राहिला. "चुलीपासून लांब टांग. उंचावर. सत्तावीस वर्षंसुद्धा टिकते."

"इतकी कशाला लागतील," ओयदिन हसली, आणि भिंत चाचपत दाराकडे निघाली.