माझ्याकडचा सगळ्यात खालचा आकडा

मी एक जुनी पेटी आहे. दागिन्यांची नाही, तेव्हा मित्रांनो, उगाच कान टवकारू नका. माझ्या पोटात चित्रांचे पत्ते, रंगीत ठोकळे आणि एक घड्याळ आहे. मुलांची बुद्धी झटपट मोजण्यासाठी मला बनवलं. मोठ्या चाचणीला तासन् तास लागत. माझं काम चहा निवेपर्यंत आटपे.

बनवल्यावर मला खूप मुलांवर पारखून घेतलं. ती सगळी बोलणारी, बोट दाखवणारी, खुर्चीत बसून राहणारी मुलं होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळाशाळांतून माझं कौतुक झालं आणि मी जरा शेफारलेच.

मग मला एका खास शाळेत आणलं. तिथल्या मुलांना समजायला आणि हालचाल करायला फार वेळ लागे. त्यात एक मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. ती बोलत नसे आणि तिची बोटं सारखी थरथरत. शाळेत एक शिकण्याचा वर्ग होता आणि एक नुसती सांभाळायची खोली. चिमणी वर्गात राहणार की त्या खोलीत जाणार, हे माझ्या आकड्यावर ठरणार होतं.

चाचणी घेणाऱ्या बाई भल्या होत्या, पण नियमाला पक्क्या. प्रश्न विचारायचा, घड्याळ लावायचं, वेळ संपली की पुढचा प्रश्न. सुरुवातीचे प्रश्न ओळीने चुकले की पेटी बंद. चिमणीचं बोट चित्रापर्यंत पोहोचायच्या आतच वेळ संपून जाई. बाईंनी पत्ते आवरून मला बंद केलं. माझा खटका हट्टी आहे. लावताना काय, उघडताना काय, तो आधी आत दाबावा लागतो, मग बाजूला सरकवावा लागतो. मग त्यांनी माझ्याकडचा सगळ्यात खालचा आकडा सांगितला.

चिमणीची आई तिच्या शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "बाई, हिच्या आधीचा मुलगा तर चाचणीभर झोपलेलाच होता. त्याला किती मिळाले?"

"तेवढेच," बाई म्हणाल्या. "याच्या खालचा आकडा पेटीत नाहीच."

"म्हणजे ही खुर्ची रिकामी असती, तरी हेच आलं असतं?"

बाईंनी आकडा लिहिलेला कागद पुन्हा पाहिला. मी तर सुन्न झाले. ट्रक तोलायच्या काट्यावर तान्हं बाळ ठेवलं तर काटा हलत नाही. म्हणून काय बाळाला वजन नसतं? इतकी वर्षं मी तोच काटा होते आणि मला पत्ताच नव्हता!

तेवढ्यात माझ्या खटक्याला काहीतरी लागलं. चिमणीची बोटं होती. ती घसरली, परत आली, पुन्हा घसरली. घड्याळ माझ्या पोटात होतं, त्यामुळे तिला कोणी थांबवलं नाही. अखेर तिने खटका आत दाबला, बाजूला सरकवला आणि माझं झाकण उघडलं.

बघून लक्षात ठेवणं, चुकलं तरी न सोडणं, हे मोजायला माझ्याकडे एकही प्रश्न नव्हता. जिला मी काहीच येत नाही म्हटलं, तिने मलाच उघडलं होतं.

बाईंनी तो आकडा खोडला. पुढे कितीतरी दिवस त्या घड्याळाशिवाय चिमणीजवळ बसल्या, वर्गात, घरी, ती जेवत असतानाही. चिमणी वर्गातच राहिली. मी आता कपाटावर धूळ खात पडले आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त टोचतात ती चिमणीच्या आधीची मुलं. माझ्या त्याच आकड्यावर ती सांभाळायच्या खोलीत गेली आणि पुन्हा कोणी त्यांना तपासलं नाही.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसली तरी चालेल. त्या खोलीचं दार मात्र उघडा, आणि आत जाताना घड्याळ बाहेर ठेवा.